कॅलिफोर्नियातला घटस्फोट: घर, आरएसयू (कंपनीने दिलेले शेअर), निवृत्तिखातं आणि पुण्यातला फ्लॅट यांची वाटणी कशी होते

महाराष्ट्रात घर ज्याच्या नावावर, त्याचं. घटस्फोटात पोटगी मिळते, राहायच्या जागेची सोय मागता येते. पण नवऱ्याने लग्नानंतर स्वतःच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा केवळ 'संसारात कमावला' म्हणून मागायची तरतूद हिंदू विवाह कायद्यात नाही. कलम 27 आहे, पण ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंपुरतं. हाच हिशेब डोक्यात ठेवून माणसं कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-फ्रीमाँटला येतात, पंधरा वर्षं संसार करतात आणि मोडायची वेळ आली की "खातं माझ्या नावावर आहे", "शेअर मला कंपनीने दिलेत" असं बोलू लागतात. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात या वाक्यांनी फारसं काही होत नाही. तिथे दोनच प्रश्न येतात: पैसा कधी कमावला, आणि कुठून आला?

कायदा वाचायला सोपा आहे. तिथल्या फॅमिली कोडच्या कलम 760 प्रमाणे लग्न झाल्यापासून वेगळं होईपर्यंत जोडप्यातल्या कोणीही मिळवलेलं ते सामाईक. एक जण कंपनीत आणि दुसरा एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर घरी, तरी निम्मं-निम्मं. कलम 770 प्रमाणे लग्नाआधीचं, तसंच लग्नानंतर एकाला वारशाने किंवा भेट म्हणून मिळालेलं, आणि त्यावरचं व्याज-भाडं, हे ज्याचं त्याचं. कलम 2550 म्हणतं, सामाईक ते समसमान वाटा. चूक कोणाची, प्रकरण कोणाचं चालू होतं, याचा वाटणीशी संबंध नाही. सासरच्या लोकांनी काय छळलं ते न्यायाधीशांना सांगण्यात तासाला शेकडो डॉलर घालवू नका.

टेक्सास आणि वॉशिंग्टनमध्येही सामाईक मालमत्तेचा कायदा आहे, पण तिथे न्यायाधीश 'न्याय्य' वाटणी करतात आणि ती निम्मी असेलच असं नाही. तेव्हा डॅलसच्या मावसभावाचा अनुभव सॅन होजेत लागू पडत नाही. गोव्याच्या वाचकांना ही सगळी कल्पना घरचीच. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली तिथली सामाईकता तर, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, लग्नाआधीच्या मालमत्तेलाही पोटात घेते. कॅलिफोर्निया तितकं पुढे जात नाही.

पहिली पायरी: तीन तारखा पक्क्या करा

लग्नाची तारीख सोपी वाटते, पण आपल्याकडे ती दोनदा असते. व्हिसासाठी आधी नोंदणी पद्धतीने लग्न, आणि सहा-आठ महिन्यांनी कार्यालयात मुहूर्तावर. नोंदणी विवाह कायदेशीर असेल तर घड्याळ तिथूनच सुरू होतं, अक्षतांपासून नाही. मधल्या महिन्यांत मिळालेला जॉइनिंग बोनस कोणत्या बाजूला जाईल, ते यावर ठरतं.

दुसरी तारीख कॅलिफोर्नियात राहायला आल्याची. लग्नानंतर, पण इथे येण्याआधी, पुण्यात किंवा न्यू जर्सीत कमावलेलंही कलम 125 मुळे घटस्फोटात जवळजवळ सामाईकासारखंच वाटलं जातं. ते जगात कुठेही असो. "तो फ्लॅट भारतात असताना घेतला" हा बचाव इथेच संपतो, जर तो लग्नानंतरच्या पगारातून घेतला असेल तर.

तिसरी तारीख वेगळं झाल्याची, आणि सगळ्यात जास्त भांडण हिच्यावर. त्या दिवसानंतरची कमाई ज्याची त्याची. 2015 च्या डेव्हिस खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या छपराखाली राहणं आवश्यक ठरवलं होतं. बे एरियातली घरभाडी बघता ते कोणाला परवडणार? विधिमंडळाने कलम 70 आणून 1 जानेवारी 2017 पासून ते फिरवलं. आता एकाच घरात राहूनही वेगळं होता येतं; मात्र लग्न संपल्याचं जोडीदाराला कळवलेलं असलं पाहिजे आणि वागणं त्याला धरून असलं पाहिजे. साधा ईमेल करा: माझ्या दृष्टीने हे लग्न आजपासून संपलं आहे. त्यानंतर जोडीने वाढदिवस, जोडीने लोणावळा, जोडीने नवी गाडी असं चालू ठेवलंत तर समोरचा वकील तेच फोटो काढून दाखवेल.

दुसरी पायरी: यादी, आणि कोणतं कशात पडतं

एक तक्ता करा. प्रत्येक ओळीत वस्तू किंवा खातं, कधी घेतलं, कोणत्या पैशातून, कागदावर नाव कोणाचं, वेगळं झालेल्या दिवशीची शिल्लक, आजची शिल्लक, आणि पुरावा कुठे आहे. इथलं सगळं आठवतं. भारतातलं विसरलं जातं. पीपीएफ, ईपीएफचं पासबुक, एनआरई-एनआरओ खाती, मुदत ठेवी, एलआयसी, डीमॅट, फ्लॅटची इंडेक्स-2, गावचा सातबारा, बँकेचा लॉकर. कर्जंही लिहा: गृहकर्ज, गाडी, क्रेडिट कार्ड, शिक्षणकर्ज. शिक्षणकर्ज साधारणपणे ज्याने शिक्षण घेतलं त्याच्याकडेच जातं.

इथे एक अडचण येते. परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही 10,000 डॉलरवर गेली असेल तर एफबार, म्हणजे त्या खात्यांचं विवरणपत्र, अमेरिकी सरकारकडे भरावं लागतं. वर्षानुवर्षं ते भरलंच नसेल, तर घटस्फोटातल्या शपथेवरच्या यादीत ती खाती पहिल्यांदा उजेडात येतात. यादीतून ती गाळणं हा उपाय नाही. वकिलाआधी सीपीएकडे, म्हणजे तिथल्या सनदी लेखापालाकडे, जा.

लग्नाआधीचा पीपीएफ-ईपीएफ आणि त्यावरचं व्याज ज्याचं त्याचं, लग्नानंतरचा भरणा सामाईक. वडिलोपार्जित शेती आणि आजोबांच्या वाड्यातला हिस्सा ज्याचा त्याचा. पण त्या शेतीचे पैसे घरखर्चाच्या संयुक्त खात्यात टाकत राहिलात तर पुढे कोणता डॉलर कुठला, हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. मिसळलेल्या खात्याचा माग काढायला हिशेबतज्ज्ञ लागतो आणि तो स्वस्त नसतो.

दागिने. लग्नात मुलीला माहेरहून आणि सासरहून घातलेलं सोनं ही तिला दिलेली भेट, म्हणजे तिचं. मात्र लग्नानंतर नवऱ्याने सामाईक पैशातून घेतलेला हिऱ्याचा सेट आपोआप तिचा होत नाही, त्यासाठी लेखी करार लागतो. कलम 852 मध्ये जोडीदाराला दिलेले दागिने-कपडे यांना लेखी करारातून सूट आहे, पण जोडप्याची परिस्थिती पाहता वस्तू फार मोलाची नसेल तरच. वर्षाला दोन लाख डॉलर कमावणाऱ्या घरात तीन हजारांचा हार सहज चालेल. चाळीस हजारांच्या सेटवर वाद होईल. लॉकर आईच्या नावावर असेल तर आधी फोटो आणि वजनाच्या पावत्या गोळा करा.

घर, आणि बाबांनी पाठवलेले पैसे

यावर थोडं थांबतो, कारण मराठी घरांतला सगळ्यात कडवट वाद हाच.

समजा नाशिकचं घर विकून मुलाच्या आईवडिलांनी एक लाख डॉलर पाठवले आणि ते डाउन पेमेंटमध्ये गेले. घराच्या कागदांवर दोघांची नावं. कलम 2640 म्हणतं: स्वतःच्या वेगळ्या पैशातून डाउन पेमेंट केलं असेल, तुम्ही ते लेखी सोडून दिलं नसेल आणि माग दाखवता आला, तर तेवढी रक्कम आधी परत मिळते. व्याज नाही, घराची किंमत वाढली त्यात जादा वाटा नाही. फक्त दिलेली रक्कम.

पण ते पैसे भेट म्हणून आले का, आणि कोणाला? आता गृहकर्जाची जुनी फाइल काढा. त्यात बँकेने लिहून घेतलेलं गिफ्ट लेटर सापडेल. देणाऱ्याचं नाव, नातं, रक्कम, आणि 'परतफेडीची अपेक्षा नाही' असं एक वाक्य. त्या वेळी ते दलालाने पाठवलेल्या नमुन्यावर दोन मिनिटांत सही करून दिलेलं असतं. आता "ते कर्ज होतं, बाबांना परत द्यायचंय" म्हणाल तर ते वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जाईल. त्याहून महत्त्वाची ओळ म्हणजे भेट कोणाला: 'माझ्या मुलाला' असेल तर पैसा त्याचा, 'मुलाला आणि सुनेला' असेल तर दोघांचा. सोबत भारतातल्या बँकेत परदेशी पैसे पाठवताना भरलेला ए-2 फॉर्म आणि त्या हस्तांतरणाच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मिळवा. पैसे कशासाठी पाठवले ते त्यावर नोंदलेलं असतं.

लग्नाआधी घेतलेल्या घराचा हप्ता लग्नानंतर पगारातून भरला असेल, तर सामाईक पैशातून जेवढं मुद्दल फिटलं त्या प्रमाणात घराच्या वाढलेल्या किमतीतही सामाईक वाटा तयार होतो. व्याज यात धरत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यात व्याजच जास्त असतं, म्हणून हा आकडा अनेकदा अपेक्षेपेक्षा लहान निघतो.

आणि रिफायनान्सच्या (जुनं गृहकर्ज फेडून नवं घेण्याच्या) कागदांत 'इंटरस्पाऊसल ट्रान्सफर डीड', म्हणजे घरातला हक्क जोडीदाराला देणारा दस्त, आहे का ते पाहा. व्याजदर बरा मिळावा म्हणून कर्ज एकाच्या नावावर, आणि दुसऱ्याने नोटरीपुढे या कागदावर सही. यातून घराचं स्वरूपच बदललं, असा दावा नंतर होऊ शकतो. पती-पत्नीच्या व्यवहारात एकाचा फायदा झाला तर दबाव नव्हता हे फायदा झालेल्याने दाखवायचं असतं, त्यामुळे सही केली म्हणून सगळं गेलं असं नाही. पण असा कागद निघाला तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: अर्ज, आणि त्या क्षणापासून लागणारी बंदी

दोघांपैकी एक जण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) तीन महिने राहिलेला हवा. एफएल-100 हा अर्ज, एफएल-110 हे समन्स, फी 435 डॉलर (काही काउंट्यांत 450). परवडत नसेल तर माफीचा अर्ज आहे. जोडीदाराला कागद तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. अठरा वर्षांवरील दुसऱ्या कोणीतरी द्यायचे. उत्तराला 30 दिवस. सगळं गोडीने ठरलं तरी कागद मिळाल्यापासून सहा महिने उलटल्याशिवाय घटस्फोट होत नाही.

जोडीदार भारतात परतला असेल तर टपालाने पाठवून भागत नाही. परदेशात न्यायालयीन कागद बजावण्याबाबतच्या हेग सर्व्हिस कराराचा भारत सदस्य आहे, पण टपाली बजावणीला त्याचा आक्षेप आहे. कागद दिल्लीच्या कायदा मंत्रालयामार्फत जातात आणि महिनोन्महिने लागतात. समोरचा माणूस स्वतःहून न्यायालयात हजेरी नोंदवायला तयार असेल तर हा सगळा वळसा वाचतो.

समन्सच्या मागच्या पानावर बारीक टायपातले मनाई हुकूम आहेत. अर्ज करणाऱ्यावर अर्जाच्या क्षणी, दुसऱ्यावर कागद मिळताच ते लागू होतात: लेखी संमती किंवा हुकमाशिवाय मालमत्ता विकायची, हलवायची, गहाण टाकायची नाही, विमा बंद करायचा नाही, त्यातलं वारसाचं नाव बदलायचं नाही, मुलांना राज्याबाहेर न्यायचं नाही. नेहमीचा घरखर्च आणि वकिलाची फी चालते. "जरा सेफ साइडला" म्हणून भावाच्या खात्यात पन्नास हजार वळवणं हा थेट हुकूमभंग आहे.

चौथी पायरी: सगळं उघड करा

अर्जानंतर 60 दिवसांत तुम्ही एफएल-142 (मालमत्ता आणि कर्जांची यादी), एफएल-150 (उत्पन्न-खर्च) आणि मागच्या दोन वर्षांची कर विवरणपत्रं जोडीदाराला द्यायची. त्यालाही उत्तरानंतर तेवढाच अवधी. यादी न्यायालयात जमा होत नाही, फक्त ती दिल्याचा दाखला जातो. म्हणून लोक ती उरकून टाकतात. तसं करू नका. ती शपथेवर आहे.

लपवल्यावर काय होतं हे 2001 च्या रॉसी निकालात दिसतं. कार्यालयातल्या मंडळींनी मिळून काढलेल्या लॉटरीत बायकोला सुमारे 13 लाख डॉलरचा वाटा लागला. तिने तो सांगितला नाही आणि लगेच घटस्फोट मागितला. पुढे नवऱ्याच्या पत्त्यावर आलेल्या एका पत्रातून बिंग फुटलं. उघड केलं असतं तर कदाचित निम्मं राहिलं असतं. न्यायालयाने सगळंच नवऱ्याला दिलं. कलम 1101 मध्ये लपवलेल्या मालमत्तेच्या निम्म्यापासून, लबाडी सिद्ध झाल्यास, शंभर टक्क्यांपर्यंत दंड आहे.

पाचवी पायरी: आरएसयूचं गणित

आरएसयू म्हणजे कंपनीने आज मंजूर केलेले, पण ठरलेल्या तारखांना हप्त्याहप्त्याने हाती येणारे शेअर. हाती येण्याला 'व्हेस्ट होणं' म्हणतात. व्हेस्ट झालेले शेअर सोपे. अडचण व्हेस्ट न झालेल्यांची. ते अंशतः संसारातल्या कामाचे आणि अंशतः वेगळं झाल्यानंतरच्या कामाचे असतात. न्यायालयं दोन सूत्रं वापरतात, दोन्हींना जुन्या खटल्यांची नावं आहेत. हग (1984) मोजणी नोकरीला लागल्यापासून करतं, नेल्सन (1986) शेअर मंजूर झाल्यापासून.

उदाहरण घ्या. नोकरी जानेवारी 2020, मंजुरी जानेवारी 2021, वेगळं झाले जानेवारी 2023, आणि 100 शेअरचा एक हप्ता जानेवारी 2025 ला व्हेस्ट. नेल्सनने 48 पैकी 24 महिने, म्हणजे 50 शेअर सामाईक, प्रत्येकी 25. हगने 60 पैकी 36 महिने, म्हणजे 60 सामाईक, प्रत्येकी 30. प्रत्येक हप्त्याला हे वेगळं करायचं. दूरच्या हप्त्यात सामाईक वाटा कमी कमी होत जातो. कोणतं सूत्र, हे शेअर का दिले त्यावर: नोकरीला ओढायला किंवा झालेल्या कामाबद्दल दिले तर हग, पुढे टिकून राहावं म्हणून दिले तर नेल्सन. मंजुरीपत्राची भाषा वाचा. कमावणाऱ्याला नेल्सन परवडतं, दुसऱ्याला हग, आणि तडजोड बहुधा यावरच होते.

व्हेस्ट होताना त्यावर पगारासारखा कर कापला जातो. म्हणून करारात 'कर वजा जाता उरलेले' हे शब्द आणि करदर कसा धरायचा हे लिहून घ्या.

सहावी पायरी: ताळेबंद

घराची किंमत 15 लाख डॉलर, कर्ज 9 लाख, हाती 6 लाख. त्यातून नवऱ्याला आईवडिलांचे 1 लाख परत, उरले 5 लाख. निवृत्तिखात्यातला सामाईक भाग 2 लाख, शेअर दीड लाख, रोख 50 हजार. एकूण 9 लाख, प्रत्येकी साडेचार. बायकोला मुलांसाठी घर हवं असेल तर तिच्याकडे 5 लाखांचं घर, नवऱ्याकडे बाकीचे 4 लाख. तिने बरोबरीसाठी 50 हजार आणि परतफेडीचे 1 लाख, असे दीड लाख द्यायचे. शिवाय 9 लाखांचं कर्ज एकटीच्या पगारावर रिफायनान्स करायचं, कारण वाटणी काहीही होवो, कर्जावर ज्यांच्या सह्या आहेत त्या दोघांनाही बँक धरते. घर धरून बसण्यात मला तरी फार वेळा शहाणपण दिसत नाही. हाती घर येतं आणि रोकड शून्य होते.

तिकडे नवऱ्याचेही 4 लाख खरे 4 लाख नाहीत. निवृत्तिखात्यातून काढताना कर लागेल, शेअर विकताना नफ्यावर कर लागेल. घटस्फोटातल्या हस्तांतरणावर कर नसला तरी जुनी खरेदी किंमत तशीच पुढे येते. रोख डॉलर आणि निवृत्तिखात्यातला डॉलर एका रकान्यात बेरजेला घेऊ नका. आणि एक खाच भारतात परतलेल्यांसाठी: मालमत्ता घेणारा जोडीदार अमेरिकेच्या करदृष्टीने अनिवासी परदेशी असेल, तर ही करमाफी लागू होत नाही.

वेगळं झाल्यानंतर एकाने स्वतःच्या पगारातून घराचे हप्ते भरले असतील तर त्याची भरपाई मागता येते. आणि तो एकटा त्या घरात राहत असेल तर दुसरा घरभाड्यासारखा आकार मागू शकतो. दोन्ही ओळी ताळेबंदात टाका.

कंपनीच्या निवृत्तिखात्याच्या वाटणीला क्यूड्रो नावाचा वेगळा हुकूम लागतो. निकालपत्रात 'निम्मं' लिहिल्याने खातं हलत नाही. तो हुकूम निकालासोबतच करून घ्या. क्यूड्रोने मिळालेली रक्कम थेट काढली तर कर लागतो, पण लवकर काढण्याचा 10 टक्के दंड लागत नाही. ती आयआरए या वैयक्तिक निवृत्तिखात्यात वळवून मग काढली तर लागतो.

मध्यस्थामार्फत करार बसला तर उत्तम. पूर्ण वकील परवडत नसेल तर फक्त करार तपासायला काही तासांपुरता नेमता येतो, आणि काउंटी न्यायालयांत फॉर्म भरायला मदत करणारी विनामूल्य केंद्रं आहेत.

पुण्यातला फ्लॅट

कॅलिफोर्नियाचं न्यायालय पुण्याच्या दुय्यम निबंधकाला हुकूम देऊ शकत नाही. ते तुम्हाला हुकूम देतं: सही कर, नाहीतर किंमत भर. अमेरिका भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या कलम 44-अ खालचा मान्य देश नाही, म्हणून अमेरिकेतला हुकूमनामा भारतात थेट बजावता येत नाही. त्यावर भारतात नवा दावा लावावा लागतो आणि तो कलम 13 च्या कसोटीला उतरावा लागतो. 1991 च्या नरसिंह राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोट कधी मानायचा हे सांगितलं. एकतर्फी, भारतीय कायद्यात नसलेल्या कारणावरचा घटस्फोट टिकत नाही. दोघांनी स्वखुशीने त्या न्यायालयाची सत्ता मान्य केली असेल तर गोष्ट वेगळी.

त्यामुळे शक्य असेल तर फ्लॅट ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच ठेवा आणि अमेरिकेतल्या पैशांनी बरोबरी करा. नाव बदलायचंच असेल तर ते लग्न टिकून असतानाच, मनाई हुकमामुळे दोघांच्या लेखी संमतीने, करा. महाराष्ट्रात निवासी घर नवरा-बायकोला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, बाकीचे आकार वेगळे. निकाल लागला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही, आणि ही सवलतही राहत नाही. अमेरिकेतून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते भारतीय वकिलातीत किंवा नोटरी आणि अपोस्टील (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून करा, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लावून घ्या.

निकाल हातात आला की घराचं डीड काउंटीत नोंदवा आणि निवृत्तिखात्यावरचं वारसाचं नाव लगेच बदला. कंपनीच्या योजनेत फॉर्मवर जे नाव आहे त्यालाच पैसे जातात, घटस्फोट झालेला असला तरी. पीपीएफ, एलआयसी आणि सोसायटीतलं नामनिर्देशनही बदला. आणि दोन वर्षांनी एखादी विसरलेली किंवा दडवलेली मुदत ठेव सापडलीच, तर कलम 2556 खाली त्याच न्यायालयात, त्याच केस नंबरवर, तिची वाटणी मागता येते.